कपाटातले चार ऑक्सिमीटर

मनीषनगरवाली

दिवाळीची आवराआवर सुरू आहे. काल लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाड पिशवी खाली ओढली, तर इतकी जड की डोक्यातच पडायची. जमिनीवर उलटी केली. चार ऑक्सिमीटर. त्यातल्या दोघांचे सेल फुटून हिरवटपांढरी पूड बाहेर आलेली. एन-९५ चे अठरा मास्क, थ्री-प्लायचा न फोडलेला डबा, डोलोच्या अकरा स्ट्रिप, झिंक, व्हिटॅमिन सी, आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, आणि वेगळ्या खणात पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन, अर्धा उडून गेलेला.

घरात माणसं चार. नवरा म्हणाला, "मेडिकल टाकायचं होतं का आपल्याला?" हसलो दोघंही. मग तो कामाला गेला आणि मी त्या पसाऱ्यासमोर बराच वेळ फतकल मारून बसले.

एप्रिल २०२१. मार्चमध्ये नागपुरात १५ ते २१ असा कडक लॉकडाऊन होऊन गेला होता आणि त्याचा काही उपयोग झालेला दिसत नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी "कुठे बेड आहे का" यायचं. ऑक्सिमीटर आम्ही एक बर्डीच्या बाजारातून घेतला, एक ऑनलाइन मागवला, एक दिरांनी पाठवला, आणि चौथा अडीच हजाराला घेतला, कारण दुकानदार म्हणाला, शेवटचा आहे.

एक दिवस रात्री अकराला बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा. दारापासून चार पावलं मागे उभा. "काकू, ऑक्सिमीटर आहे का? बाबांना धाप लागलीय, आमचा काहीच्या काही आकडे दाखवतोय." मी म्हणाले, "अरे एकच आहे रे, आईंना लावून ठेवलाय."

आईंना साधा ताप नव्हता. आई आत सिरियल बघत होत्या. चारही याच कपाटात होते, एक तर खोक्यातून काढलेलासुद्धा नव्हता.

"बरं, असू दे" म्हणून तो जिना उतरून गेला. काका वाचले. लिफ्टमध्ये भेटले की अजून विचारतात, सासूबाई कशा आहेत.

आणि याच बाईनं, म्हणजे मी, त्याच्या वर्षभर आधी इथेच, या संस्थळावर, धागा काढला होता. दहाचा मास्क तीसला विकणाऱ्या एका दुकानदाराला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. तो आज शोधून वाचला. सव्वाशे प्रतिसाद आहेत आणि सगळे माझ्या बाजूचे.

तर तेव्हा कोणी किती लुटलं ते लिहाच. पण तुमच्या कपाटात काय होतं तेही लिहा. टोपणनावाला टोपणनाव घेतलं तरी चालेल.

इतवारीचा_पोट्टा

ताई, जीवनावश्यक वस्तूंत खर्रा, म्हणजे आपली सुपारी-तंबाखू, धरता का? मंग आपली बी लूट झाली. तीसचा खर्रा शंभरले. तो बी कसा, दुधाच्या पिशवीत घालून, गल्लीच्या तोंडावर, इकडं तिकडं पाहून. ठेलेवाला म्हणे, "भाऊ, सुपारीच येऊन नाही राहिली, मी काय करू?" अन् त्याच्या घरी सुपारीच्या तीन गोण्या. मले मालूम होतं, कारण गोण्या माळ्यावर चढवाले मीच हात लावला होता.

मले पन्नासले भेटे. बाकीच्यायले शंभर.

कोथरूडकर

"मेडिकल टाकायचं" कळलं, पण नागपूरच्या धाग्यांवर कधी मेडिकलमध्ये पेशंट असतो, कधी मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात. नक्की काय?

इतवारीचा_पोट्टा

दोन्ही. सरकारी हॉस्पिटल बी मेडिकल अन् औषधाचं दुकान बी मेडिकल. मेडिकलच्या समोरच्या मेडिकलमधून औषध आणाचं अन् मेडिकलमध्ये द्याचं. सोपं आहे नं.

गल्ल्यामागून

तो जुना धागा मी तेव्हाच वाचला होता आणि गप्प बसलो होतो. मी त्या पलीकडच्या बाजूचा. नंदनवनकडे औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं.

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. १३ ला केंद्रानं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्यात घातले. २१ ला भाव बांधले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली १०० रुपये. कागदावर छान. पण त्याच आठवड्यात गंजीपेठेतल्या दवा बाजारातून मी तीन पदरी मास्क १७ रुपयांनी उचलला होता. पक्कं बिल मागितलं तर समोरून उत्तर, "बिल पाहिजे असेल तर माल नाही." कच्च्या चिठ्ठीवर हजार नग घेतले. दहाला विकले तर नगामागे सात रुपये घरातून जाणार, वीसला विकले तर मी गुन्हेगार, आणि मी कितीला घेतले हे सिद्ध करायला माझ्याकडे सिगारेटच्या पाकिटामागे लिहिलेला आकडा.

सहाशे विकून झाले होते. उरलेले चारशे माळ्यावर टाकले आणि पाटी लावली, "मास्क उपलब्ध नाहीत". ३० जूनला ती भावबंदी संपली, तोवर बाजारात मास्कचा पूर आला होता. शेवटी ते चारशे फुकट वाटले. पुण्य लागावं म्हणून वगैरे नाही, उंदरांनी खोकं कुरतडायला घेतलं होतं.

मला टोचतं ते दुसरंच. माझ्याकडे एक आजी यायच्या, सांधेवाताच्या, दहा वर्षांपासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू. मार्चच्या शेवटी ती गोळी कोरोनावर चालते असं टीव्हीवर आलं आणि दोन दिवसांत रॅक साफ. एक गृहस्थ दहा स्ट्रिप मागत होते. का, तर "घरात सहा जण आहोत". २६ मार्चला ती शेड्यूल एच-१ मध्ये गेली, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद केल्याशिवाय विकायची नाही. पण तोवर विकायला होतंच काय. मी सहा स्ट्रिप गल्ल्याच्या खणाखाली आजींसाठी दाबून ठेवल्या होत्या. समोर लोक हात जोडत होते, त्यात एखादा खरा सांधेवाताचाही असेल, आणि मी खणावर हात ठेवून "संपलं हो" म्हणत होतो.

हीसुद्धा साठेबाजीच. कायद्यात "चांगल्या कारणासाठी" असा रकाना नाही.

मनीषनगरवाली

आजींना पुरल्या का?

गल्ल्यामागून

जूनपर्यंत. एक दिवसाआड घेत होत्या म्हणे. डॉक्टरला न विचारता.

बाजारबुवा

सगळे इतके हळवे झालात की मूळ मुद्दा राहिला. गल्ल्यामागून यांचा प्रतिसाद म्हणजे भाव बांधल्यावर काय होतं याचा धडा आहे. दहाला मास्क विकायची सक्ती केली आणि मास्क माळ्यावर गेला. भाव चढू दिले असते तर लोकांनी गरजेपुरतेच घेतले असते आणि नफा दिसला म्हणून चार जण आणखी उत्पादनात उतरले असते. उतरलेच ना? जूनपर्यंत गल्लोगल्ली शिवणयंत्रं चालू होती. मनीषनगरवाली यांना चौथा ऑक्सिमीटर दहा हजाराला पडला असता तर घेतला असता का? तो तिसऱ्या मजल्यावर गेला असता.

मनीषनगरवाली

खरं सांगू? घेतला असता. तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं.

माजी_इंटर्न

बुवा, मास्क शिवता येतो. रेमडेसिव्हिरचं इंजेक्शन शिवता येत नाही.

मी तेव्हा इंटर्न होतो, कुठे ते राहू द्या. रुग्ण कमी झाले म्हणून वर्षाच्या सुरुवातीला कंपन्यांनी उत्पादन आवरतं घेतलं होतं. मार्चमध्ये आपल्याकडे लाट उसळली तेव्हा नवीन माल तयार होऊन यायला काही आठवडे लागणार हे ठरलेलंच होतं. त्या मधल्या काळात भाव तुम्ही लाख रुपये करा, एक वायल (बाटली) जास्त निघत नव्हती. आणि तो वरचा पैसा कंपनीला तरी कुठे जात होता? तो वाटेतल्याच्या खिशात.

पण मला सांगायचंय ते चिठ्ठीबद्दल. नातेवाईक डॉक्टरसमोर रडायचे, "काहीतरी लिहा ना". डॉक्टर रेमडेसिव्हिर लिहून कागद हातात द्यायचे, आणायचं तुमचं तुम्ही. एका रुग्णाचा कोर्स सहा वायलचा, पहिल्या दिवशी दोन आणि पुढचे चार दिवस एकेक. आता त्या चिठ्ठीचा फोटो निघतो, भाऊ धरमपेठेत रांगेत, मेहुणा सदरला, साळा दवा बाजारात, मित्र वर्ध्याला ओळख लावतोय. तिघांना मिळालं की अठरा वायल. लागणार सहा. उरलेल्या बारा परत नेऊन देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. कोणी ओळखीत दिल्या, कोणी "खर्च निघेल" एवढ्याला विकल्या, कोणी फ्रिजच्या दारात ठेवल्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. आमच्या वॉर्डमध्ये एका मृत रुग्णाच्या नावावरच्या दोन वायल रजिस्टरमध्ये "दिल्या" अशा होत्या आणि ट्रेमध्ये रिकाम्या बाटल्या नव्हत्या. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं, मी सिस्टरकडे. सही केली मी. तेवीस वर्षांचा होतो.

तारखा आठवणाऱ्यांसाठी: ११ एप्रिलला निर्यात बंद झाली, १७ ला छापील किंमती उतरल्या, झायडस कंपनीची २८०० वरून ८९९, हेटेरो कंपनीची ५४०० वरून ३४९०. १९ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं नागपूरसाठी दहा हजार वायल सोडायचा आदेश दिला. मे महिन्यात वर्ध्याच्या कारखान्यातून माल निघायला लागला, तोवर आमचा वॉर्ड रिकामा व्हायला लागला होता.

गल्ल्यामागून

किंमतीबद्दल एक भर. १७ एप्रिलच्या आधीच घाऊक भाव बराच खाली आला होता, छापील किंमत मात्र वरचीच. म्हणजे कोणी हजाराच्या आसपास घेऊन चार-पाच हजार बिलात लावले तर तो काळाबाजार नाही, बाटलीवर तसंच छापलंय. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारनं भाव बांधलेल्या, औषधावर आम्हा किरकोळवाल्यांचं मार्जिन १६ टक्के. आम्हाला शिव्या, आणि हे सगळं पक्क्या बिलानं.

अनामिक_सहा

आयडी आजच काढला आहे.

मी घेतल्या. दोन वायल, प्रत्येकी बावीस हजार. चार कशाबशा सरळ मार्गानं मिळाल्या होत्या, दोन कमी पडत होत्या. एका नंबरवरून दुसरा नंबर, दुसऱ्यावरून तिसरा. रात्री साडेदहाला एका चौकात, बंद चहाटपरीच्या आडोशाला, पांढऱ्या ॲक्टिव्हावर एक पोरगा आला. विशीचाच असेल. रसवंतीवाल्यांकडे असतो तसला थर्माकोलचा डबा, आत वितळलेला बर्फ. पैसे मोजायला त्याला माझ्या मोबाइलचा टॉर्च लागला. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा हात थरथरत होता त्याचा. जाताना म्हणाला, "लवकर बरे होऊ देत काका." त्याला कसं कळलं बाबांसाठी आहे ते, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

दोन्ही बाटल्यांवरची किंमत काहीतरी लावून पुसलेली होती, तिथला कागद लोकरीसारखा झाला होता. सिस्टरनं एक बाटली ट्यूबलाइटकडे धरली, अंगठ्यानं झाकण फिरवून बघितलं. टोपीखालचा पत्रा एका बाजूनं किंचित वर आलेला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "लावू?" मी म्हणालो लावा.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले.

औषध होतं की मिठाचं पाणी, हे मला कधी कळणार नाही. नंतर वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाची शिफारस नाही असं म्हटलं होतं. म्हणजे अस्सल असतं तरी. जाऊ द्या.

तक्रार केली नाही. काय सांगणार, मी काळ्या बाजारात माल घेतला आणि तो खोटा निघाला?

मनीषनगरवाली

काय लिहू कळत नाही. वाचलं. दोनदा वाचलं.

वकीलबाई

अनामिक, तुमचा प्रतिसाद वाचून हे लिहायला जड जातंय, पण पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. घेणाऱ्याला वाटतं आपणही अडकू, विकणारा नेमका त्यावरच जगतो. नागपुरात त्या वेळी जे पकडले गेले त्यातले बरेच पोलिसांनी गिऱ्हाईक बनून पकडले, आणि ते कोणीतरी नंबर दिल्याशिवाय होत नाही.

कायदा नव्हता असं मात्र म्हणू नका. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा. १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा, त्यात सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता. छापील किमतीपेक्षा रुपयाही जास्त घेतला तर वैधमापनशास्त्र विभाग. औषधांसाठी एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, १८००-२२२-३६५. सर्वसाधारण ग्राहक तक्रार १९१५. पण या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: बिल आहे का? आणि वर दुकानदारदादांनी सांगितलंच आहे, साखळीतलं पहिलं गायब होतं ते बिल.

हॉस्पिटलचंही तेच. २१ मे २०२० च्या आदेशानं खाजगीतल्या ८० टक्के खाटांना दर बांधले होते: साध्या विलगीकरणाला दिवसाला ४०००, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. पीपीई किट त्या दराबाहेर. झालं, सगळी कारागिरी तिथे. माझ्याकडे एक बिल आलं होतं, हॉस्पिटलचं नाव नको, एका रुग्णाला दिवसाला अकरा किट लावलेले. त्याच वॉर्डमधल्या दुसऱ्या रुग्णाचं बिल मिळवलं, त्यालाही अकरा, त्याच दिवशी. दोन खाटांमध्ये पडदासुद्धा नव्हता. सिस्टर काय एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना कपडे बदलत होती? पैसे परत मिळाले, सगळे नाही. भांडायला बळ उरलेलं असलं तर मिळतात, आणि त्या दिवसांत घराघरात तेच उरलं नव्हतं.

पोथीवाले_अण्णा

बाजारबुवांसाठी. हा वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेला वाचवायचं प्रकरण आहे. एकत्र येऊन माल अडवून धरणाऱ्यांना आणि अवाजवी भावानं विकणाऱ्यांना हजार पणांचा (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) दंड. देशी मालावर शंभरामागे पाच नफा, परदेशीवर दहा. म्हणजे तेव्हाही माळे होतेच.

बाजारबुवा

आणि त्या दंडानंतर माळे रिकामे झाले, असं लिहिलंय का कुठे?

पोथीवाले_अण्णा

नाही. दंडाचा आकडा तेवढा लिहिलाय.

गोकुळपेठ_मार्केट

अवांतर: नारळपाणी, लिंबं आणि किवी. आयुष्यात किवी न खाल्लेली माणसं किवीसाठी भांडत होती. आमचा फळवाला म्हणाला, "वहिनी, मी दर वाढवला नाही, लोकच वाढवून देऊन राहिले. एकानं तीस सांगितले तर मागचा चाळीस म्हणे." बाजूला ढिगानं संत्री पडलेली, आपल्याच मातीतली, त्यांच्याकडे कोणी बघेना.

त्रिमूर्ती_ज्येष्ठ

आम्ही गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून तीन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आली, त्यातले तीन टँकर नागपुरात उतरले, तेव्हा जीवात जीव आला होता, पण घरी पडलेल्यांना त्याचा काय उपयोग. म्हणून हे. दहा हजार डिपॉझिट, भाडं शून्य, वहीत नोंद माझ्याकडे. पहिली आठ कुटुंबं देवमाणसं. नववं कुटुंब, पेशंट बरा होऊन घरात फिरतोय, मशीन परत येईना. रोज फोन. "काका, डिपॉझिट ठेवून घ्या, पण असू द्या, भीती वाटते." तीन महिने ते मशीन त्यांच्या देवघराशेजारी चादर घालून उभं होतं. मी स्वतः बघून आलो. वहीत त्या काळात परत पाठवलेल्यांची सतरा नावं आहेत. नवव्या घराला दोष द्यावा तर त्यांची सून तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

स्पष्टवक्ता_नागपूर

सगळे धागाकर्तीला गोंजारून राहिले म्हणून लिहितो. दुकानदारानं तुम्हाला लुटलं, पण तुमच्याकडे निदान पैसे होते. त्या पोराकडे रात्री अकराला काय होतं? तुम्ही काही विकलं नाही, नफा कमावला नाही, हे मान्य. तरी मला विचाराल तर अनामिक यांच्या ॲक्टिव्हावाल्यापेक्षा तुमचं जास्त लागलं. तो निदान विकत तरी होता.

मनीषनगरवाली

बरोबर. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणूनच धागा काढला.

इतवारीचा_पोट्टा

भाऊ, जाऊ दे नं आता. ताईनं स्वतःहून सांगितलं. कोण सांगते इथं.

ताई, त्या दोघायचे सेल बदलून पाहा. माह्या मावशीचा चालू झाला, नुसता कानकोरण्यानं तो गंज साफ केला तर.

मनीषनगरवाली

पोट्ट्याचं ऐकलं. गंज लागलेले दोन्ही गेलेच. उरलेल्यांत नवीन सेल घातले, एक चालू झाला. माझा ९७, सासूबाईंचा ९६. त्यांनी विचारलं, परत आला का कोरोना?

औषधं सगळी मुदत संपलेली. गल्ल्यामागून, ती कशी टाकायची ते व्यक्तिगत निरोपात कळवा. डबाबंद मास्क मोलकरणीनं मागितले, तिचा नवरा पीओपीच्या कामाला जातो.

चालू झालेला ऑक्सिमीटर घेऊन संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. काकूंनी दार उघडलं, चकल्यांचा घाणा चालू होता, हात पिठाचे. मी म्हटलं, "हा आमच्याकडे जास्तीचा आहे, काकांना उपयोगी पडेल." काकू म्हणाल्या, "अगं ठेव तूच. आमच्याकडे तीन आहेत. त्या रात्रीनंतर पोरानं तीन आणून ठेवले, एक तर अजून खोक्यात आहे."

मग चकली दिली. भाजणी कडक झालीय का विचारलं. मी म्हटलं नाही, छान आहे. ठरवलेलं राहिलंच.